मार्केट बंद पडलं तर भाजीचं काय करायचं? साथीच्या काळासाठी छोट्या शेतकऱ्याची तयारी

एक-दोन एकरात भाजी करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. ऊसवाल्यांचं गणित वेगळं, ऊस चार दिवस उभा राहिला तर चालतं, आपल्या भेंडीला दिवसाआड तोडा लागतोच, दोन तोडे चुकले की शेंगा निबर होतात आणि झाडपण पुढे फुलं कमी धरतं, त्यामुळे साथ आली नि गाड्या थांबल्या की पहिला दणका भाजीवाल्यालाच बसतो.

२०२० चा कोरोना आठवा. २४ मार्चला रात्री लॉकडाऊन जाहीर झालं, २७ तारखेला केंद्राने शेतीची कामं, मजूर, बाजार समित्या यांना सूट दिली, म्हणजे कागदावर सगळं चालू होतं. प्रत्यक्षात एप्रिलमध्ये पुण्याचं मार्केट यार्ड बंद झालं, मे मध्ये वाशीचं मार्केट ११ ते १७ बंद राहिलं, आणि त्यात भर म्हणजे हॉटेलं, मेस, कॅन्टीन, ऐन लग्नसराईतली लग्नं सगळंच ठप्प. ढोबळी, कोबी, फ्लॉवर, टोमॅटो यांचं मोठं गिऱ्हाईक तेच होतं. शहरात खाणारी माणसं मात्र तेवढीच होती, उलट घरी जेवणारे वाढले होते, मागणी हॉटेलातून घराघरात गेली आणि त्या घरांचा नंबर आपल्या मोबाईलमध्ये नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांचा माल गेला.

म्हणून पहिलं काम आत्ताच करा, साथ नसताना. जवळच्या शहरात नातेवाईक, गावातली नोकरीला गेलेली पोरं, ओळखीच्या बायका, यांच्यातून दोन-तीन सोसायट्या पकडा आणि त्यांचा व्हॉट्सअप ग्रुप करा. महिन्यातून एकदा तरी माल न्या, नाहीतर ग्रुप मरतो. राज्यात २०१६ पासून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा आहे त्यामुळे थेट विकायला अडचण नाही. २०२० ला कृषी विभाग आणि पणन मंडळानेही शेतकरी गटांना सोसायट्यांशी जोडून दिलं, गाडीचे पासपण निघाले, पण ज्या गटाची नावं, सातबारा, गाडीचे कागद एका फाईलमध्ये तयार होते त्यांचंच काम लवकर झालं. ती फाईल करून ठेवा.

एकट्याने करू नका, पाच-सहा जण मिळून करा. एकाची मेथी, एकाचा टोमॅटो, एकाची गवार, मिरची, एकाचा कांदा. सोसायटीतली ताई एकटी ढोबळी घ्यायला खाली येणार नाही, तिला आठवड्याची पिशवी पाहिजे. आमच्याकडे बसलेला हिशोब असा: कांदा, बटाटा, टोमॅटो एकेक किलो, दोन-तीन फळभाज्या अर्धा-अर्धा किलो, एक पालेभाजीची जुडी, आणि मिरची, कोथिंबीर, आलं, लिंबू. भाव गोल ठेवा, म्हणजे ३०० किंवा ४००, सुट्ट्याची भानगड नको आणि स्कॅनर लावून पैसे थेट खात्यात. बटाटा आपल्याकडे नसेल तर विकत घेऊन टाका, पण पिशवी अर्धवट देऊ नका. ऑर्डर दोन दिवस आधी घ्या आणि तेवढंच तोडा. छोटा हत्ती (छोटा टेम्पो) भरेल इतक्या पिशव्या जमल्या नाहीत तर फेरी पुढे ढकला, नाहीतर नफा सगळा डिझेलमध्ये जातो. आणि चेअरमन किंवा सेक्रेटरीशी आधी बोला, गेटवर वॉचमनशी वाद घालत उभं राहायची वेळ आणू नका.

आता तोडणी. मार्केटला माल संध्याकाळी तोडून रात्री गाडीत टाकतो, सकाळी लिलाव, संपलं. साथीत गाडी कधी कुठे अडेल सांगता येत नाही म्हणून माल एक-दोन दिवस जास्त टिकेल असाच तोडायचा. टोमॅटो पूर्ण लाल होऊ देऊ नका, तांबूस झाला की काढा. कोबीची वरची दोन-तीन पानं ठेवा. भेंडी दवात ओली असताना तोडून घासली की काळी पडते. मेथी-कोथिंबीर ऊन उतरल्यावर उपटा, ढीग मारू नका, आत तापते आणि सकाळपर्यंत पिवळी, सावलीत पसरून वर ओलं गोणपाट टाका.

साठवायला विटा-वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष करा, कोल्ड स्टोरेजच्या भानगडीत छोट्याने पडू नये असं माझं मत आहे. झाडाच्या सावलीत विटांचा एक थर जमिनीवर, त्यावर विटांच्या दोन भिंती, दोन्हीमध्ये तीन इंच फट, फटीत बारीक वाळू, वर गवताचं किंवा गोणपाटाचं झाकण, आणि वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची. उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षा आत १० ते १५ अंश थंड राहतं. शंभरेक किलो माल क्रेटमध्ये बसेल एवढा सहज करता येतो. कोरड्या हवेतच चालतो, कोकणात किंवा पावसाळ्यात फार उपयोग नाही, आणि कांदा त्यात अजिबात ठेवू नका.

एवढं करूनही माल उरतोच. मिरची लाल होऊ द्या आणि वाळवा, हे सोपं आहे. टोमॅटोचं मात्र तोडणी आणि भाड्याचे पैसे निघत नसतील तर आणखी मजुरी घालू नका, जनावरांना थोडाथोडा द्या, बाकी रोटर मारा. वाईट वाटतं, उभ्या पिकात ट्रॅक्टर घालायला कुणाचंच मन होत नाही, पण पुढच्या पिकासाठी रान लवकर मोकळं होतं.

अफवेचीपण तयारी ठेवा. मे २०२० मध्ये टोमॅटोवरच्या व्हायरसच्या बातम्या अशा फिरल्या की लोकांना वाटलं हा माणसाला होतो. झाडाचा व्हायरस माणसाला होत नाही. असं काही आलं की कृषी विज्ञान केंद्राकडून खुलासा घ्या आणि त्याच दिवशी ग्रुपवर टाका.

आणि घरात आजार आला तर? २०२१ ला दुसरी लाट गावागावात शिरली, घरातली सगळी एकदम पडली आणि प्लॉट तसेच राहिले. एक वही ठेवा, त्यात कुठल्या प्लॉटला पाणी कधी, फवारणी कुठली आणि कधी झाली, औषधाच्या लेबलवर तोडणीआधी किती दिवस थांबा म्हणून लिहिलंय, सगळं लिहा, म्हणजे शेजाऱ्याला तोडा करता येईल आणि फवारलेला माल चुकून लोकांच्या घरी जाणार नाही. तोडणीच्या बायकांना दोन-दोन ओळी सोडून लावा, पिण्याचं पाणी ज्याचं त्याचं, आणि कोण आजारी पडली तर तिची त्या दिवसाची मजुरी कापू नका, नाहीतर ताप लपवून कामावर येईल.

साथीची बातमी सुरू झाली की रोपवाटिकेत फोन करा, बुक केलेली रोपं एकदम न उचलता दोन-तीन टप्प्यात मागा. थोडं रान वाट बघू शकणाऱ्या पिकाला द्या, लाल भोपळा, सुरण, रताळं, आलं. लाल भोपळा देठासकट काढून हवेशीर सावलीत ठेवला तर दोन-तीन महिने टिकतो, देठ मोडलेले तेवढे आधी विकून टाका.