फ्रेडी मर्क्युरीचे आयुष्य चित्रपट्ट्यांतून कसे सांगावे

पॉप गायकाचे चरित्र चित्रपट्टीत (कॉमिक स्ट्रिपमध्ये) मांडायला घेतले की पहिली अडचण लगेच समोर उभी राहते : ज्या आवाजामुळे तो माणूस जगाला माहीत झाला, तो आवाज कागदावर काढता येत नाही. चित्रपटाला गाणी वाजवता येतात, लेखक निदान विशेषणांचा आधार घेतो; तीन-चार चौकटींच्या पट्टीकडे मात्र हात, चेहरा, कपडे, खोली, गर्दी आणि दोन चौकटींमधली मोकळी जागा एवढेच भांडवल असते. म्हणून गाजलेल्या गाण्यांची यादी बाजूला ठेवावी आणि त्या आयुष्यात डोळ्यांना जे दिसत होते, तेवढ्यावरच पट्टी उभी करावी. हे प्रत्यक्षात कसे साधते ते येथे ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या उदाहरणाने पाहू. तो स्वतः लंडनच्या ईलिंग आर्ट कॉलेजात ग्राफिक कला शिकलेला होता, रंगमंचावर आपण कसे दिसतो याचा त्याने आयुष्यभर विचार केला, आणि त्याच्या शाळकरी वर्षांचा मोठा भाग पाचगणीत गेला. मराठी चित्रकाराला ही शेवटची गोष्ट विशेष सोयीची आहे.

सुरुवात पेन्सिलने करू नये, टिपणवहीने करावी. वहीत पानाचे तीन रकाने पाडावेत : पक्के ठाऊक असलेले, नुसते ऐकीव, आणि चित्रात दिसू शकणारे. पहिल्या रकान्यात तारखा येतात. 5 सप्टेंबर 1946 रोजी झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात फर्रुख बुलसारा या नावाने जन्म, आठ वर्षांचा असताना पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत रवानगी, जानेवारी 1964 मध्ये झांझिबारला क्रांती झाल्यावर त्याच वर्षी कुटुंबाचे इंग्लंडला स्थलांतर आणि लंडनच्या पश्चिमेला फेल्टम येथे घर, 1969 मध्ये कला महाविद्यालयाची पदविका, 1970 मध्ये ‘क्वीन’ची सुरुवात, 13 जुलै 1985 रोजी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवरचा ‘लाइव्ह एड’ हा मदतनिधीचा जलसा, 24 नोव्हेंबर 1991 रोजी मृत्यू. दुसऱ्या रकान्यातले काहीही चौकटीत जाऊ द्यायचे नाही, मग ते कितीही रंगतदार असो. तिसरा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण पट्टी त्यातूनच निघते.

चरित्रपटावर विसंबून मात्र पट्टी काढू नये. फ्रेडीवर 2018 साली आलेला चित्रपट पाहून असे वाटते की ‘लाइव्ह एड’च्या आधी बँड फुटला होता आणि फ्रेडीने आपल्या आजाराची कल्पना सहकाऱ्यांना त्याच सुमारास दिली. वस्तुतः ‘क्वीन’ने 1984 मध्ये नवा अल्बम काढला होता, 1985 च्या जानेवारीत ते रिओत आणि मे महिन्यात जपानमध्ये वाजवत होते, आजाराचे निदान तर त्यानंतर झाले. चित्रपटाला दोन तासांत चढती कमान हवी असते म्हणून तो घटनांची उलटापालट करतो. पट्टीला ती गरज नसते, कारण प्रत्येक पट्टी तिच्यापुरती पुरी होते.

किती पट्ट्या काढायच्या हे ठरवण्यापूर्वी प्रश्न कोणता ते ठरवावे. ‘फ्रेडीचे संपूर्ण आयुष्य’ हा प्रश्न होऊ शकत नाही. ‘फर्रुख बुलसारा फ्रेडी मर्क्युरी कसा झाला’ हा होऊ शकतो, आणि तो एकदा स्वीकारला की दौरे, विक्रीचे आकडे, पुरस्कार असला बराच ऐवज आपोआप गळून पडतो. बारा-पंधरा पट्ट्यांचा संच पुरेसा होतो. प्रत्येक पट्टीत एकच बदल घडावा : पहिल्या चौकटीतला माणूस शेवटच्या चौकटीत तसाच राहिला असेल, तर ती पट्टी वगळावी.

पाचगणीची पट्टी उदाहरणादाखल चौकट-चौकट रचून पाहू. पहिली चौकट बोटीची ठेवावी, कारण झांझिबारहून हिंदुस्थानात येणारे मूल तेव्हा समुद्रमार्गे येत असे. रेलिंगला टेकलेला मुलगा पाठमोरा दाखवला की चेहऱ्यावर भाव रंगवण्याची भानगड उरत नाही. दुसऱ्या चौकटीत घाट चढून आल्यावरचे पाचगणी : सिल्व्हर ओकची उंच झाडे, धुके, आणि वसतिगृहाच्या दारात सामान घेऊन उभी असलेली मुले, ज्यांत आपला मुलगा कोणता हे मुद्दाम सांगू नये. तिसऱ्या चौकटीत पियानो; पट्ट्यांवरची बोटे जवळून काढावीत, मनगटाच्या वर गणवेशाची बाही दिसावी. चौथी चौकट सर्वांत महत्त्वाची. शाळेतल्या मुलांनी 1958 मध्ये ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला होता आणि त्यात फर्रुख पियानोवर असे. मुख्य गायक दुसराच मुलगा होता. तेव्हा माइकपुढे तो दुसरा मुलगा, आणि कडेला पियानोमागे अर्धवट झाकलेला आपला नायक, एवढेच काढावे. ‘पुढे हाच मुलगा जगप्रसिद्ध होणार होता’ असली ओळ खाली लिहिण्याचा मोह प्रत्येकाला होतो. ती लिहू नये. वाचकाला ते ठाऊक आहे म्हणूनच तो ही पट्टी वाचतो आहे.

या पट्टीत एकही संवाद नाही हे लक्षात आले असेल. खऱ्या माणसाच्या तोंडी कल्पित वाक्ये घालणे हा चरित्रात्मक चित्रपट्टीतला सर्वांत सहज होणारा आणि सर्वांत वाईट प्रमाद आहे, कारण फुग्यातले वाक्य वाचकाच्या मनात अवतरणासारखे बसते. फुग्यात फक्त नोंदलेले शब्द घालावेत. ते नसतील तर निवेदनाच्या पट्टीत आपल्या शब्दांत सांगावे, किंवा चौकट मुकी ठेवावी. रस्त्यावरचा माणूस, दुकानदार, गर्दीतला प्रेक्षक अशा अनामिकांना मात्र बोलू द्यायला हरकत नाही.

चेहऱ्याचा सराव स्वतंत्रपणे करावा. फ्रेडीच्या तोंडात मागच्या बाजूला चार जादा दात होते आणि त्यांमुळे पुढचे दात बाहेर ढकलले गेले होते. दात काढले तर आवाज बिघडेल या भीतीने त्याने ते तसेच ठेवले, आणि हसताना तो वरचा ओठ खाली ओढून किंवा हात आडवा धरून ते झाकत असे. व्यंगचित्रकाराची सवय अशी की दात दिसले की ते दुप्पट मोठे करायचे. येथे त्याउलट करावे : दातांपेक्षा ते झाकणारा हात काढावा. तोच हात वर्षानुवर्षांच्या पट्ट्यांत परत परत आला की तो माणूस ओळखीचा होतो, आणि एखाद्या चौकटीत तो तोंड उघडून मोकळा गाताना दिसला की त्या चौकटीला वेगळे वजन येते. दुसरी काळजी मिशीची. वाचकाच्या डोळ्यांपुढे मिशीवाला फ्रेडी असतो, पण ती मिशी 1980 मध्ये आली. 1975 च्या पट्टीत मिशी काढली तर जाणकार वाचक तिथेच पान उलटेल. म्हणून मुलगा, लांब केसांचा तरुण आणि मिशीवाला प्रौढ अशा तीन वयांचे नमुना-तक्ते आधीच तयार करावेत आणि तिन्ही आकृत्या काळ्या शाईने भरून, नुसत्या बाह्यरेषेवरून ओळखू येतात का ते पाहावे.

कपड्यांच्या जोरावर सहा वर्षे एका पट्टीत ओलांडता येतात. चारही चौकटींत उभे राहण्याची ढब तीच ठेवावी, हातात बुंध्याशिवायची ती अर्धी माइकची दांडी ठेवावी, आणि फक्त अंगावरचे बदलावे : 1974 चा वेशरचनाकार झँड्रा ऱ्होड्स यांनी शिवलेला पंखांसारखा पांढरा चुणीदार अंगरखा, 1977 च्या सुमाराचा विदूषकी चौकड्यांचा अंगासरशी पोशाख, 1979 चे काळे चामडे, आणि शेवटी मिशी. खाली साल लिहावे, बाकी काही नको. अल्बमांची नावे सांगून जे तीन पाने घेईल ते चार चौकटींत होते.

ईलिंगनंतरच्या काळासाठी बँडच्या राजचिन्हाची पट्टी करावी, कारण ते चिन्ह फ्रेडीनेच रेखाटले होते. चौघांच्या राशींवरून त्याने त्यात दोन सिंह, एक खेकडा आणि दोन पऱ्या घातल्या आणि वर फिनिक्स पक्षी बसवला. पऱ्या कन्या राशीच्या, म्हणजे त्याच्या स्वतःच्या. एकेका चौकटीत एकेक प्राणी कागदावर उमटत जावा. हे रेखाटन आपल्या नेहमीच्या रेषेत न काढता बारीक निबने काढावे, म्हणजे नायकाचा हात आणि चित्रकाराचा हात वेगळे दिसतात. त्याच काळात तो आणि बँडचा ड्रमवादक रॉजर टेलर लंडनच्या केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांचा गाळा चालवत होते. त्या गाळ्यातल्या कपड्यांचा ढीग कोपऱ्यात दाखवला तरी बराच मजकूर वाचतो.

आता आवाजाचा प्रश्न. गाणे चालू आहे हे सांगण्यासाठी फुग्यात संगीताची चिन्हे उधळणे हा सोपा आणि निर्जीव मार्ग आहे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या ध्वनिमुद्रणाची पट्टी करायची तर त्याहून चांगली एक वस्तू हाताशी आहे. 1975 मध्ये त्या गाण्यातल्या समूहस्वरांचे थर एकाच फितीवर पुन्हा पुन्हा चढवले गेले, आणि फीत इतकी झिजली की तिच्यातून आरपार दिसू लागले, असे बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी सांगितले आहे. तेव्हा शेवटच्या चौकटीत दिव्यासमोर धरलेली फीत आणि तिच्यातून झिरपणारा उजेड काढावा. हे गाणे ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते ही माहिती खाली एका ओळीत आली तरी पुरे.

‘लाइव्ह एड’साठी मात्र सबंध पट्टीची एकच आडवी चौकट करावी. त्या दिवशी वेम्ब्लीवर सुमारे 72,000 प्रेक्षक होते, ‘क्वीन’ला वीस मिनिटांच्या आसपास वेळ मिळाला होता, आणि संध्याकाळचे ऊन अजून होते, म्हणजे ही रात्रीची, झोतांची चौकट नव्हे, हे ध्यानात ठेवावे. पांढरा बनियन, फिकट जीन्स, दंडावर खिळ्यांचा पट्टा, पियानोवर मांडलेले कागदी पेले एवढा तपशील पुढच्या बाजूला पुरतो. उरलेली सारी जागा हातांना द्यावी : डोक्यावर उंचावून एकाच क्षणी टाळी देणारे हात, जवळचे बोटांसकट, मधले नुसत्या रेघांचे, दूरचे ठिपक्यांचे. फ्रेडीने तिथे शब्दांविना सूर फेकले आणि गर्दीने ते परत केले. यासाठी त्याच्या तोंडापासून गर्दीपर्यंत जाणारा एक रिकामा, लांबलचक फुगा काढावा आणि त्यात एकही अक्षर घालू नये.

गाण्याचे बोल घालू नयेत यामागे कायद्याचेही कारण आहे. भारतीय कायद्याप्रमाणे साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे राहतो, म्हणजे फ्रेडीने लिहिलेले बोल 2051 अखेरपर्यंत राखीव आहेत. बँडच्या इतर तिघांनीही गाणी लिहिली आहेत आणि ते हयात आहेत. छायाचित्रांचेही तसेच. एकाच गाजलेल्या छायाचित्राची रेघ न् रेघ गिरवण्यापेक्षा चित्रफिती थांबवून थांबवून स्वतःची रेखाटने करावीत आणि त्यांतून नवी ढब घडवावी.

आजारपणाच्या पट्ट्यांत चित्रकाराची सभ्यता पणाला लागते. एड्स झाल्याचे निवेदन फ्रेडीने 23 नोव्हेंबर 1991 रोजी प्रसिद्ध केले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो केन्सिंग्टनमधल्या आपल्या घरी वारला. झिजलेले शरीर काढणे कठीण नाही, पण त्याने स्वतः ते जगाला दाखवायचे टाळले होते : त्याचे शेवटचे गीतचित्रण मे 1991 मध्ये झाले आणि प्रकृती लपावी म्हणून ते कृष्णधवल ठेवण्यात आले. संच रंगीत असेल तर ही एक पट्टी काळ्या-पांढऱ्यात करावी, म्हणजे त्याची निवड आपोआप पाळली जाते. घराची विटांची भिंत आणि बाहेर ताटकळलेले वार्ताहर भिंतीच्या बाहेरूनच दाखवावेत. अंत्यविधी पारशी पद्धतीने झाला, हे निवेदनात अवश्य यावे. आरंभी झांझिबारचे पारशी घर दाखवले असेल तर ते अधांतरी वाटत नाही. मित्र, नोकरचाकर आणि नातलग यांना नावांनिशी पट्टीत ओढू नये.

देवनागरी अक्षरांची बाब शेवटी घेतली असली तरी कच्च्या आराखड्यातच तिचा विचार व्हायला हवा. इंग्रजी पट्टीत सगळा मजकूर मोठ्या लिपीत, सारख्या उंचीच्या अक्षरांत बसतो. आपल्याकडे वर वेलांटी आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरे, त्यामुळे दोन ओळींत जास्त अंतर लागते आणि फुगा अपेक्षेपेक्षा उंच होतो. म्हणून आधी मजकूर लिहावा, मग त्याभोवती फुगा काढावा आणि उरलेल्या जागेत चित्र बसवावे. एका चौकटीत वीस शब्दांच्या वर जाऊ नये. ‘मर्क्युरी’सारखा शब्द हाताने लिहिताना रफार वरच्या ओळीच्या उकाराला भिडतो का, ते छापील आकारात तपासावे. मोबाइलवर वाचणाऱ्यांसाठी चौकटी एकाखाली एक लावायच्या असतील, तर ‘लाइव्ह एड’ची आडवी चौकट तेवढी वेगळी द्यावी आणि वाचकाला फोन आडवा धरायला लावावे.