आजीला ताप नाही म्हणून व्हायरस नाही, असं धरून चालू नका

पावसाळा लागला की, नाहीतर मग जानेवारी-फेब्रुवारीत, घरात एक जण खोकायला लागतो आणि बघता बघता सगळं घर खोकायलंय. लेकरू शाळेतून आणतं, मग आई, मग बाप, आणि आजी-आजोबा मात्र खणखणीत. मग आपण म्हणतो जुनं हाड आहे, ज्वारीवर पोसलेलं, त्यांना काय होतंय. कधी कधी खरंच काही झालेलं नसतं, पण बऱ्याच वेळा फ्लू, कोविड, आरएसव्ही (सर्दीसारखाच, पण छातीत उतरू शकणारा व्हायरस) नाहीतर साधा सर्दीचा व्हायरस त्यांच्याही नाकाघशात बसलेला असतो, फक्त दिसत नाही. आणि हे न दिसणं तीन तऱ्हेचं असतं.

एक म्हणजे खरोखर लक्षण नाही, व्हायरस आला तसा गेला. दुसरं, लक्षण अजून यायचंय. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये, त्रास असो नसो, तिथं राहणाऱ्यांची कोविड टेस्ट केली तर ४८ जण पॉझिटिव्ह निघाले, त्यातल्या २७ जणांना टेस्टच्या दिवशी काहीच नव्हतं, पण पुढं त्या २७ पैकी २४ जणांना लक्षणं आलीच. तिसरी तऱ्हा सगळ्यात वाईट, लक्षण आलेलं असतं पण आपण त्याला 'वय झालं आता' म्हणून सोडून देतो.

ताप व्हायरस आणत नाही, व्हायरसशी झगडताना आपलं शरीर आणतं, आणि वय वाढलं की तो झगडाच मंद होतो. त्यात म्हाताऱ्या माणसांचं रोजचं टेम्परेचर मुळातच जरा कमी. वर गुडघ्याच्या गोळ्या, किती तरी जण मेडिकलवरून आणलेली दुखण्याची गोळी सकाळ-संध्याकाळ खातात, ती तापही दाबून टाकते. दम्याला नाहीतर सांधेवाताला स्टिरॉइड चालू असेल तरी तेच.

आमची आत्या औशाकडं असते. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळा गोतावळा शेतात जमला होता, त्यात दोन-तीन लेकरं शेंबडी, भज्जी-आंबील खाऊन सगळे आपापल्या घरी गेले. चार-पाच दिवसांनी आत्यानं सकाळचा चहा अर्धाच ठेवला, दुपारी भाकरी कुस्करून नुसतीच ताटात फिरवत बसली, आणि सुनेला विचारलं, "बैल कोणी सोडले गं?" बैल विकून जमाना झालेला. ताप नाही, खोकला नावाला. सून हुशार, तिनं बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९१, तशीच गाडीत घालून लातूरला नेली, टेस्टमध्ये फ्लू निघाला. वेळेवर गेली म्हणून निभावलं.

तर पहिलं काम आजारपणात नाही, चांगल्या दिवसांत करायचं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं नेहमीचं काय आहे ते वहीत नाहीतर कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवा. तीन-चार दिवस सकाळचं टेम्परेचर, बसून ऑक्सिजन किती, मिनिटाला श्वास किती, भाकरी किती खातात, रात्री किती वेळा उठतात. थर्मामीटर लावताना चहा पिऊन वीस मिनिटं जाऊ द्या, आणि दात नसल्यानं तोंड नीट मिटत नसेल तर काखेत लावा, तिथं आकडा थोडा कमी येतो पण दर वेळी तिथंच लावला की तुलना बरोबर होते. ऑक्सिमीटरला बोट गार नको, मेंदी-नेलपॉलिश नको, आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. श्वास मोजताना मात्र सांगू नका, सांगितलं की माणूस मुद्दाम सावकाश श्वास घेतो, शेजारी बसून गप्पा मारता मारता पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा.

आता घरात कोणी आजारी पडलं की ही वही काढायची. फ्लू एक ते चार दिवसांत उठतो, आरएसव्हीला बहुतेक चार ते सहा दिवस लागतात, म्हणजे लेकरू बरं होऊन शाळेत गेलं तरी आठवडाभर आजीवर नजर पाहिजे. म्हाताऱ्या माणसात तोंडातलं टेम्परेचर एकदा १०० च्या वर, किंवा परत परत ९९ च्या वर, किंवा त्यांच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा दोन डिग्री जास्त, यातलं काहीही झालं तर तो तापच धरायचा. श्वास मिनिटाला २५ च्या पुढं, ऑक्सिजन ९४ किंवा खाली, तर त्याच दिवशी डॉक्टर. ९० च्या खाली गेला तर वाट बघूच नका, १०८ ला फोन. (जुना दमा, नाहीतर सीओपीडी म्हणजे फुफ्फुसाचा जुनाट आजार असणाऱ्यांचा आकडा आधीच कमी असतो, त्यांनी आपला आकडा डॉक्टरला विचारून ठेवावा.) आकड्यांशिवायही बघायचं असतं: अचानक बरळणं, दिवसभर बाजेवर पडून राहणं, तोल जाऊन पडणं, कपड्यात लघवी होणं, जेवण टाकणं, गोळ्या-खाणं तेच असून शुगर वाढणं. एक-दोन दिवसांत झालेला बदल हा वयाचा नसतो, वय काही रातोरात वाढत नाही.

घरातल्या घरात काय करायचं? खोकणाऱ्यानं आजी-आजोबांच्या खोलीत झोपायचं नाही, लेकरांनी पण नाही, आठ दिवस रडू द्या. वाडग्यात हात घालून एकत्र खाणं बंद, त्यांना वाढणाऱ्यानं मास्क लावावा, हात धुवावेत. आणि खिडकी उघडा! आपल्याकडं थंडीत दारं-खिडक्या लावून गोधड्या पांघरून एका खोलीत सहा जण झोपतात, व्हायरसला याच्यापेक्षा चांगली सोय नाही. कूलर त्या मानानं बरा, बाहेरची हवा आत घेतो, पण खिडकी उघडी पाहिजे. एसी खोलीतली तीच हवा फिरवत बसतो. उलटंही लक्षात ठेवा, आजोबांना स्वतःला काही होत नसलं तरी ते भजनाला, पारावर दुसऱ्या चार म्हाताऱ्यांजवळ बसतात, तर घरात आजार आहे तोवर पार बंद, नाहीतर मास्क लावून लांब बसा.

टेस्टचं म्हणाल तर काहीच त्रास नसलेल्या माणसाची उगाच टेस्ट करत सुटायची गरज नाही. पण घरात कोविड आहे आणि आजोबांची केमो चालू आहे, असं काही असेल तर डॉक्टरला विचारून करा. घरचं कोविड किट लक्षण नसताना एकदा निगेटिव्ह आलं म्हणून विश्वास ठेवू नका, ४८ तासांच्या अंतरानं एकूण तीनदा करा. आरटीपीसीआर बरं झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते, तेवढ्यानं घाबरू नका.

टेस्ट पॉझिटिव्ह आणि त्रास काही नाही, तर लगेच सलाईन आणि दोन इंजेक्शनं मागू नका, ही आपल्याकडची जुनी खोड. अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही, मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या तर अजिबात देऊ नका. फ्लूचं खरं औषध ओसेल्टामिविर, ते डॉक्टर ठरवतात आणि पहिल्या ४८ तासांत दिलं तर जास्त उपयोगी, म्हणून तर लवकर ओळखायची एवढी धडपड.

फ्लूची लस दर वर्षी घ्यायची, पावसाळ्याच्या आधी. पैठणच्या नाथांच्या नाहीतर नर्सीच्या नामदेवांच्या पालखीबरोबर जाणारे असतील तर निघायच्या निदान दोन आठवडे आधी, कारण लसीचा असर व्हायला तेवढे दिवस लागतात. न्यूमोनियाची लसही डॉक्टरला विचारा. ती व्हायरसवर नाही, पण व्हायरसच्या मागोमाग येणाऱ्या न्यूमोकोकस जंतूच्या न्यूमोनियापासून वाचवते.

दवाखान्यात जाताना ती वही आणि चालू गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत टाका, दुखण्याच्या गोळीसकट. संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात जा, अंबाजोगाईला जा नाहीतर गावातल्या पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात), डॉक्टरला 'अशक्तपणा आलाय' एवढंच सांगू नका. सांगा की नेहमी ऑक्सिजन ९७ असतो आज ९३ आहे, दोन भाकरी खाणारा माणूस परवापासून अर्धी खायलाय, घरात नातवाला सर्दी होती, आणि दुखण्याची गोळी सकाळी आठला घेतलीय.