लिब्रेऑफिस सुरू होतानाच अडकते? आधी अनइन्स्टॉल करू नका

लिब्रेऑफिसवर डबल-क्लिक केले, सुरुवातीची पाटी आली, खालची पट्टी अर्ध्यावर थांबली आणि शीर्षकात 'नॉट रिस्पॉन्डिंग' दिसू लागले, की बहुतेक जण अनइन्स्टॉल करून पुन्हा इन्स्टॉल करतात. सॉफ्टवेअर परत येते आणि त्याच ठिकाणी अडकते, कारण अनइन्स्टॉल केल्यावर तुमचे यूजर प्रोफाइल (तुमच्या सेटिंग्ज आणि शिकवलेले शब्द साठवणारे फोल्डर) पुसले जात नाही. बिघाड बहुतेकदा तिथेच असतो आणि नवी प्रत ते जुनेच प्रोफाइल उचलते. म्हणून इन्स्टॉलेशनला सगळ्यात शेवटी हात लावायचा. खालच्या पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी आहेत.

सर्वप्रथम टास्क मॅनेजर उघडा (कंट्रोल-शिफ्ट-एस्केप) आणि 'डिटेल्स' टॅबवर जा. तिथे दोन नावे शोधा: एसऑफिस डॉट ईएक्सई आणि एसऑफिस डॉट बिन. पहिली फक्त चालू करून देणारी छोटी फाइल आहे, खरे काम 'बिन' करते. मागच्या वेळची 'बिन' मेमरीत अडकून राहिली असेल, तर नवे डबल-क्लिक आपली विनंती तिच्याकडे सोपवून बंद होते आणि स्क्रीनवर काहीच येत नाही. दोन्ही निवडून 'एंड टास्क' करा आणि पुन्हा उघडा. अनेकदा एवढ्यावरच भागते.

तरीही अडकले, तर अडकलेल्या अवस्थेतच मिनिटभर 'बिन'चा सीपीयू आकडा पाहा. विंडोज 'नॉट रिस्पॉन्डिंग' म्हणते ते खिडकीने ५ सेकंद प्रतिसाद दिला नाही म्हणून. आत काय चालले आहे ते त्यावरून कळत नाही. सीपीयू शून्यावर असेल, तर प्रोग्राम कशाची तरी वाट पाहतोय: प्रिंटर, नेटवर्क ड्राइव्ह, दुसरी एखादी प्रक्रिया. आकडा एकाच जागी चिकटून असेल (८ लॉजिकल प्रोसेसरच्या मशीनवर साधारण १२-१३ टक्के, म्हणजे एक प्रोसेसर पूर्ण व्यस्त), तर तो एकाच कामात गोल फिरतोय: खराब सेटिंग, एक्स्टेन्शन (वरून जोडलेली जादा सोय), फाइल किंवा फॉन्ट. डिस्क १०० टक्क्यांवर असेल, तर थोडे थांबा. इन्स्टॉल केल्यावर पहिल्यांदा उघडताना प्रोफाइल तयार होते, अँटिव्हायरसही सगळे तपासतो, आणि जुन्या हार्ड डिस्कवर त्याला वेळ लागतोच.

सीपीयू शून्यावर असेल तर आणखी एक खिडकी उपयोगी पडते. स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधा, सीपीयू टॅबवर अडकलेली प्रक्रिया लाल दिसेल. तिच्यावर राइट-क्लिक करून 'अ‍ॅनालाइझ वेट चेन' निवडा. ती दुसऱ्या प्रक्रियेसाठी थांबली असेल, तर तिचे नाव तिथे मिळते.

आता सेफ मोड. स्टार्ट मेनूत 'लिब्रेऑफिस (सेफ मोड)' अशी वेगळी नोंद असते. ही सोय ५.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून आहे. ती उघडली की पर्यायांची खिडकी येते. तिथे काहीही न बदलता 'कंटिन्यू इन सेफ मोड' दाबा. या वेळी तात्पुरते कोरे प्रोफाइल वापरले जाते आणि हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन (चित्रणाचे काम ग्राफिक्स कार्डकडे सोपवणे) बंद असते. सेफ मोडमध्ये नीट उघडले, तर दोष प्रोफाइलमध्ये, एक्स्टेन्शनमध्ये किंवा ग्राफिक्समध्ये आहे. तिथेही अडकले, तर दोष बाहेर आहे. पुढचा सगळा तपास या एका उत्तरावर चालतो, म्हणून ही पायरी कधीच गाळू नका.

सेफ मोडमध्ये चालले, तर पर्याय सौम्य ते कडक या क्रमाने वापरा. आधी 'रिस्टोर फ्रॉम बॅकअप': शेवटची नीट चाललेली सेटिंग परत येतात (हा पर्याय पुसट असेल तर बॅकअप नाही, पुढे चला). मग 'कॉन्फिगर'खाली सगळी यूजर एक्स्टेन्शन्स बंद करा आणि नेहमीसारखे सुरू करून पाहा. त्यानंतर हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन बंद करून पाहा. याने चालले, तर दोष ग्राफिक्स ड्रायव्हरकडे आहे: ड्रायव्हर अद्ययावत करा, किंवा टूल्स, ऑप्शन्स, लिब्रेऑफिस, व्ह्यू इथे 'फोर्स स्किया सॉफ्टवेअर रेंडरिंग'वर टिक करून ठेवा. ७.० आवृत्तीपासून विंडोजवर चित्रण स्किया नावाच्या ग्राफिक्स लायब्ररीमार्फत होते आणि जुन्या ड्रायव्हरशी त्याचे नेहमी पटत नाही.

'रीसेट एन्टायर यूजर प्रोफाइल' हे बटण मात्र लगेच दाबू नका. मराठीत रोज टायपिंग करणाऱ्यांनी तर मुळीच नाही. स्पेलचेकला वर्षानुवर्षे शिकवलेली आडनावे, गावांची नावे, कायद्याचे शब्द सगळे त्या प्रोफाइलमध्ये असतात आणि त्या बटणासरशी जातात. त्याऐवजी हे करा:

१. सेफ मोडच्या खिडकीत 'अ‍ॅडव्हान्स्ड'खाली 'शो यूजर प्रोफाइल' दाबा. 'यूजर' नावाचे फोल्डर उघडेल.
२. सेफ मोडची खिडकी बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये 'बिन' उरली नाही याची खात्री करा.
३. एक पायरी वर जाऊन 'यूजर'चे नाव बदला, जसे 'यूजर-जुने'. डिलीट करू नका.
४. लिब्रेऑफिस नेहमीसारखे उघडा. नवे 'यूजर' फोल्डर आपोआप तयार होईल. लगेच बंद करा.
५. जुन्यातून नव्यात एकेक फोल्डर कॉपी करा आणि प्रत्येक वेळी उघडून पाहा: 'वर्डबुक' (तुमचे शब्द, 'स्टँडर्ड' नावाच्या डिक फाइलमध्ये), 'ऑटोकर', 'ऑटोटेक्स्ट', 'टेम्प्लेट', आणि मॅक्रो असतील तर 'बेसिक' पूर्णच.

'रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स' ही एक्ससीयू फाइल परत आणू नका. सगळी सेटिंग्ज तिच्यात असतात आणि वीज गेल्यावर किंवा मशीन सक्तीने बंद केल्यावर अर्धवट लिहिली जाऊन बिघडते ती बहुधा हीच. टूलबारची मांडणी पुन्हा करावी लागेल, तेवढे सोसा.

लिब्रेऑफिस मध्येच बंद पडल्यावर पुढच्या वेळी रिकव्हरीची खिडकी येते. तिथे 'रिकव्हर' दाबताच अडकत असेल, तर दोष परत आणल्या जाणाऱ्या त्या फाइलमध्ये आहे. आधी प्रोफाइलमधल्या 'बॅकअप' फोल्डरची प्रत दुसरीकडे ठेवा, मगच रिकव्हरीच्या खिडकीत 'डिस्कार्ड' निवडा. हा क्रम उलटला तर न साठवलेले काम गेले.

सेफ मोडमध्येही अडकले, तर पहिला संशय प्रिंटरवर घ्या, विशेषतः कचेऱ्यांमध्ये. डीफॉल्ट प्रिंटर दुसऱ्या मशीनला जोडलेला असेल आणि ते मशीन बंद असेल, तर रायटर (लिब्रेऑफिसमधला लेखनाचा प्रोग्राम) उत्तराची वाट पाहत बसतो. सेटिंग्जमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'ला जाऊन 'लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर' बंद करा आणि 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ'ला डीफॉल्ट करा. लगेच उघडले तर कारण सापडले.

याच जातीचा दुसरा त्रास, पण सेफ मोडमध्ये न दिसणारा: स्टार्ट सेंटर (लिब्रेऑफिसची पहिली खिडकी) अडकते आणि रायटर थेट उघडला तर चालतो. अलीकडच्या फायलींच्या यादीत आता न जोडलेल्या नेटवर्क ड्राइव्हवरची फाइल असते. रायटरमध्ये फाइल, रीसेंट डॉक्युमेंट्स, 'क्लिअर लिस्ट' करा.

फॉन्टकडेही पाहा. मराठी डीटीपीच्या मशीनवर जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टचे ढीग असतात आणि लिब्रेऑफिस सुरू होताना सगळे फॉन्ट वाचते. त्यातला एक खराब असला तरी पुरे. अलीकडे टाकलेले फॉन्ट प्रत ठेवून काढा. त्यानेही फरक पडला नाही तर उरलेल्यांपैकी निम्मे काढा. चालले तर काढलेल्या निम्म्यात दोष आहे, त्याचे पुन्हा दोन भाग करा. ४०० फॉन्टमधला एक असा ९ फेऱ्यांत सापडतो. विंडोजचे स्वतःचे फॉन्ट मात्र काढू नका.

यानंतरही अडकत असेल, तर विंडोजवर नवे यूजर खाते काढून तिथे उघडून पाहा. तिथे चालले, तर तुमच्या खात्यात स्टार्टअपला चालू होणारे काहीतरी आड येते आहे. तिथेही नाही, तर आता 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स'मध्ये (विंडोज १० वर 'अ‍ॅप्स अँड फीचर्स') लिब्रेऑफिसच्या 'मॉडिफाय'वरून 'रिपेअर' करा, आणि तेही फसले तरच काढून टाकून पुन्हा टाका. त्याआधी विंडोजच्या 'रिलायबिलिटी हिस्टरी'तली (बिघाडांच्या नोंदींची यादी) त्या दिवसाची नोंद उघडून तपशील जपून ठेवा. लिब्रेऑफिसमागची संस्था द डॉक्युमेंट फाउंडेशन हिच्या बगझिला या तक्रारींच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची वेळ आली, तर तो तपशील, लिब्रेऑफिसची नेमकी आवृत्ती आणि सेफ मोडमध्ये काय झाले, या तीन गोष्टी सोबत द्या.