स्लेड कशी भरायची

लांबच्या स्की मोहिमेला निघणारे बहुतेक जण आधी स्कींविषयी विचारतात. मी म्हणते, आधी स्लेड, म्हणजे बर्फावरून सामान ओढायची घसरगाडी, भरून दाखवा. आठवडेच्या आठवडे जी कमरेला बांधून ओढायची, तिच्यात काय कुठे ठेवलंय ते अंधारात, जाड हातमोजे घालूनही सापडलं पाहिजे.

जड सामान तळाशी आणि मध्याच्या किंचित मागे. पुढे वजन जास्त झालं की स्लेडचं नाक बर्फात रुततं. सामानाची रास उंच झाली, तर वाऱ्याने कोरलेल्या कडक उंचवट्यांवर, म्हणजे सास्त्रुगींवर, ती सारखी कलंडते. इंधन सगळ्यात मागे, खाण्यापासून लांब. थोडं जरी सांडलं तरी त्या पिशवीतलं खाणं फेकायचंच. तंबू सर्वांत वर, लांब पिशवीत, काठ्या शक्य तितक्या आत ओवलेल्याच. उलगडण्याआधी त्याचं एक टोक स्लेडला बांधा, मगच पिशवीतून बाहेर काढा. वाऱ्याने तंबू नेला तर जीवावर बेततं.

इंधनाच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे, कारण इंधन संपलं की पाणीही संपतं. बर्फ वितळवायचा असेल तर माणशी दिवसाला साधारण २०० मिली व्हाइट गॅस, म्हणजे स्टोव्हचं पेट्रोलसारखं द्रव इंधन, धरा, वर वादळात अडकण्याचे दिवस वेगळे. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना ब्रिटिश मोहिमेचा नेता स्कॉट याच्या तुकडीला वाटेत आधीच ठेवलेल्या साठ्यांमधल्या डब्यांत तेल अपेक्षेपेक्षा कमी मिळालं. झाकणांच्या चामडी वॉशरमधून ते निसटलं होतं. त्याच्या आधी ध्रुवावर पोचलेल्या नॉर्वेच्या अमुंडसेनने आपल्या डब्यांना डाख लावून घेतला होता. मी प्रत्येक भरलेली बाटली वजन करून रात्रभर आडवी ठेवते आणि सकाळी पुन्हा वजन करते. काटा जरा जरी हलला तरी ती बाटली बाद. भांड्यात नुसता कोरडा बर्फ टाकू नका, बूड करपतं. थर्मासात कपभर पाणी राखून ठेवा, ते आधी ओता, मग थोडा थोडा बर्फ. तंबूत स्टोव्ह पेटवलात तर हवा खेळायला वरची फट उघडी हवीच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ओढताना भार कमरेवर घ्या, खांद्यांवर नको. सपाटीवर दोर पुरतो. उताराचा रस्ता असेल तर कडक दांडे लावा, नाहीतर स्लेड मागून पोटऱ्यांवर येऊन आदळते. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. घाम आला की तो कपड्यांत गोठतो. थांबल्यावर पहिलं काम पिसांचं जाकीट चढवणं, मग बाकीचं. चॉकलेट, चीज घरूनच बारीक तुकडे करून न्या. उणे ३० ला अख्ख्या वडीत दात शिरत नाहीत.

आणि अशा थंडीत बर्फ वाळूसारखा धरतो, कारण स्लेडखाली घसरायला पाण्याचा थरच नीट तयार होत नाही. तेव्हा निम्मं सामान पुढे नेऊन ठेवा आणि उरलेल्यासाठी परत या. एका किलोमीटरला तीन किलोमीटर चाल पडते; त्या हिशेबाने जास्तीचं खाणं आणि इंधन निघतानाच भरून घ्या.