पैसे भरल्यावर ओळखपत्र मागितलं तर

गोरेगावच्या एका क्लासची वेबसाइट मी सांभाळते. दहावीच्या निकालाच्या आदल्या रात्री साडेदहाला सरांचा फोन आला. उद्या दुपारी एकला निकाल लागला की अकरावीच्या बॅचसाठी पालकांची झुंबड उडेल, साइट बंद पडायला नको. मी पार्ल्यात घरीच होते. लगेच एका परदेशी कंपनीचा मोठा सर्व्हर, म्हणजे साइट ज्यावर चालते तो कॉम्प्युटर, ऑनलाइन भाड्याने घ्यायला बसले. कार्ड चाललं, बँकेचा मेसेजही आला, पण सर्व्हर काही सुरू होईना. दहा मिनिटांनी मेल आला: ऑर्डर तपासणीत आहे, २४ तासांत सरकारी ओळखपत्राचा आणि कार्डाचा फोटो पाठवा, नाहीतर ऑर्डर रद्द.

अशा घाईत माणूस मागतील ते देऊन मोकळा होतो. मीही आधार, पॅन आणि कार्डाच्या दोन्ही बाजू मेलला जोडल्या होत्या. पाठवण्याआधी थांबले, ते बरं झालं. हा प्रसंग तुमच्यावरही येईल, म्हणून तेव्हापासून मी काय करते ते सांगते.

सगळ्यात आधी, मागणी खरी आहे का ते बघा. मेलमधल्या लिंकवर जाऊ नका. कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करा. मागणी खरी असेल तर बहुतेक वेळा तुमच्या खात्यात, ऑर्डरसमोरच ती दिसते. दिसली नाही तर तिथूनच तिकीट टाकून, म्हणजे मदतीच्या फॉर्ममधून लिहून, विचारा. बँकेचा ओटीपी, पिन किंवा सीव्हीव्ही (कार्डावर छापलेला छोटा गुप्त नंबर) ओळख पटवायला कधीच लागत नाही. कोणी ते मागितलं, किंवा त्यांना तुमची स्क्रीन दिसेल असं अ‍ॅप टाकायला सांगितलं, तर तिथेच संपवा. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

खरी कंपनी हे का मागते, ते समजलं की राग थोडा निवतो. चोरलेल्या कार्डाने कोणी सर्व्हर घेतला तर मूळ कार्डवाला बँकेकडे तक्रार करतो आणि पैसे परत जातात ते कंपनीच्या खिशातून. आपल्याकडे ओटीपीची सवय आहे, पण परदेशी दुकानात आपलं कार्ड पुष्कळदा ओटीपीशिवायच चालतं. मग कंपनी इतर खुणा बघते. माझ्या बाबतीत काय झालं ते नंतर त्यांच्याकडूनच कळलं. दुसऱ्या एका कामासाठी लावलेलं व्हीपीएन, म्हणजे आपलं नेट दुसऱ्या देशातून आल्यासारखं दाखवणारी सोय, चालूच राहिलं होतं. कार्ड भारतातलं, पत्ता मुंबई ४०००५७ आणि नेटवर्क सिंगापूरचं! म्हणून पैसे भरताना व्हीपीएन बंद ठेवा आणि शक्यतो घरच्या वायफायवरून भरा.

नावाचा घोळ आपल्या बायकांच्या वाट्याला जास्त येतो. माझ्या कार्डावर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं आणि मधे नवऱ्याचं नाव, तर कंपनीतलं खातं मी धंद्याच्या नावाने काढलेलं. तिकडच्या माणसाला या तीन वेगळ्या व्यक्ती वाटल्या, आणि त्यात त्याची चूक नाही. मी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडलं आणि दोन ओळीत लिहिलं की लग्नानंतर आडनाव बदललं, मधलं नाव नवऱ्याचं असतं. तेवढ्यावर भागलं. तुम्ही मात्र खातं काढतानाच कार्डावरचं नाव जसंच्या तसं टाका. पत्त्याचंही तसंच. ‘देवळाच्या मागे, दुसरा मजला’ हे पोस्टमनला कळतं, परदेशी फॉर्मला नाही. बँकेत नोंदवलेला पत्ता आहे तसाच द्या.

आता कागद कोणते द्यायचे? परदेशी कंपनीला मी पासपोर्टचं फक्त फोटोचं पान देते. माझ्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं आणि पत्ता आहे, तो त्यांना कशाला? आधारच द्यावं लागलं तर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवून घ्या. त्यात १२ पैकी शेवटचे ४ आकडेच दिसतात. पॅन मी देत नाही. पॅन वापरून दुसऱ्याच्या नावावर कर्ज काढल्याचे प्रकार घडलेले आहेत.

कार्डाचा फोटो मागितला तर आधी विचारा, स्टेटमेंटचं पान चालेल का. चालत नसेल तर कार्डावरचे पहिले ६ आणि शेवटचे ४ आकडे उघडे ठेवा, मधले झाका. सीव्हीव्हीही झाका, आणि हल्ली काही कार्डांवर तो नंबराच्याच बाजूला छापलेला असतो हे लक्षात ठेवा. झाकायचं ते कागदाची पट्टी चिकटवून, फोटो काढायच्या आधी. फोनमधल्या मार्करने काळं केलेलं पुष्कळदा अर्धपारदर्शक असतं, आणि उजेड वाढवला की खालचे आकडे दिसतात. मी स्वतः करून बघितलंय.

ओळखपत्राच्या प्रतीवर आडवं लिहा: फक्त अमुक कंपनीच्या अमुक नंबरच्या ऑर्डरसाठी, आणि तारीख. सिमकार्डासाठी पूर्वी झेरॉक्सवर सही मारायचो तसंच, फक्त चेहरा आणि नाव मोकळं सोडून. आणि हे काम स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे नको. आपण त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल टाकतो, किंवा तो कागद स्कॅन करून त्याच्या कॉम्प्युटरवर ठेवतो, आणि ती तिथेच राहते. माणूस भला असला तरी त्या कॉम्प्युटरवर दिवसभरात किती जण बसतात, कुणास ठाऊक. घरी खिडकीच्या उजेडात फोनने काढलेला फोटो पुरतो.

पाठवायचं ते मेलने नको, शक्यतो खात्यातल्या अपलोडच्या जागी टाका. कागद द्यायचेच नसतील तर तसं स्पष्ट कळवा आणि ऑर्डर रद्द करून पैसे सोडायला सांगा. पुष्कळदा रक्कम नुसती अडवून ठेवलेली असते आणि काही दिवसांत मोकळी होते, पण लेखी उत्तर जपून ठेवा.

माझा सर्व्हर दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला सुरू झाला. एक वाजायच्या आत साइट हलवताना हातपाय गार पडले होते. आता गर्दीची तारीख माहीत असली की मी आठवडाभर आधीच सर्व्हर घेते. आणि त्याच दुपारी मी कंपनीला लिहिलं, तपासणी झाली, आता माझे कागद काढून टाका आणि तसं कळवा. मग फोनमधले फोटो पुसले, आणि गॅलरीच्या कचरापेटीतूनही काढले. तिथे ते कित्येक दिवस पडून राहतात.