वारसा आणि वाटणीच्या कामासाठी वकील निवडताना या चुका टाळा

वारसाहक्क आणि वाटणीच्या कामात सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सगळ्या भावंडांनी मिळून एकच वकील करणे. 'घरचेच काम आहे, वेगळा वकील कशाला?' हे वाक्य कानावर आले की पुढचा दावा मला आताच दिसू लागतो, कारण ज्याने वकील आणला आणि फी दिली त्याचेच हित तो पाहणार.

माझ्या पाहण्यातील एका कुटुंबात वडिलांच्या निधनानंतर थोरल्या भावाच्या वकिलाने दोघी बहिणींना 'वारसनोंदीसाठी सह्या हव्यात' एवढेच सांगून दुय्यम निबंधक कार्यालयात नेले. फोटो निघाले, अंगठ्यांचे ठसे घेतले गेले, पानोपानी सह्या झाल्या; पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत 'हक्कसोडपत्र', म्हणजे आपला हिस्सा सोडून दिल्याचा दस्त, असे छापलेले असूनही दोघींपैकी कोणी ते वाचले नाही, कारण भाऊ घाई करत होता आणि बाहेर रिक्षा थांबवून ठेवली होती. वारसनोंद तलाठ्याकडे अर्ज देऊन होते, तिच्यासाठी दस्त नोंदवावा लागत नाही, एवढे सांगणारे त्यांच्या बाजूचे तिथे कोणीही नव्हते. सातबाऱ्यावर आपली नावे नाहीत हे कळल्यावर त्यांना दस्त रद्द करण्याचा दावा लावावा लागला, आणि अशा दाव्याची मुदत फसवणूक कळल्यापासून 3 वर्षेच असते. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला खरा, परंतु न वाचता केलेली एक सही तो हक्क न्यायालयाच्या पायऱ्यांवर आणून ठेवते. माझा शिरस्ता असा आहे की, मसुदा आधी घरी मागवून घ्यायचा, या कुटुंबाशी संबंध नसलेल्या वकिलाकडून तो वाचून घ्यायचा, आणि 'उद्याच सही हवी' म्हणणाऱ्याकडे उद्या जायचेच नाही.

दुसरी चूक म्हणजे फौजदारी खटल्यांत नाव कमावलेल्या वकिलाकडे केवळ ओळखीमुळे जाणे. पहिल्या भेटीत बँकेतील ठेव आणि शेतजमीन यांसाठी कोणते कागद लागतील, एवढेच विचारावे. न्यायालय देते ते उत्तराधिकार प्रमाणपत्र हे बँकेतील ठेवीसारखी येणी आणि शेअरसारखे रोखे यांसाठी असते, जमिनीसाठी नव्हे. दोन्हींसाठी तेच सांगणाऱ्याचे आभार मानून उठावे. नामनिर्देशन असलेला माणूसच (नॉमिनी) मालक होतो असे सांगणाऱ्यालाही हाच न्याय लावावा.

मोठ्या शहरातील नामांकित वकिलाचा मोह पुष्कळांना होतो. तथापि स्थावर मालमत्तेच्या वाटणीचा दावा ती मालमत्ता ज्या न्यायालयाच्या हद्दीत असते तिथेच चालतो, त्यामुळे तेथील वकील तारखांना हजर राहू शकतो. कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नये. मिळणाऱ्या हिश्श्यात फी मागणाऱ्याकडे थांबू नये, कारण वकिलांचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमांना असा करार मान्य नाही. दाव्याचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक दाव्याला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, मागून घ्यावा आणि तारखा न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर स्वतः पाहाव्यात. तेवढेही कष्ट नको असतील तर वकिलाला दोष देण्यात अर्थ नाही.

फी थकली म्हणून वकील फाइल अडवून ठेवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच स्पष्ट केले आहे. तरीही मूळ खरेदीखत आणि मृत्युपत्र वकिलाच्या कपाटात ठेवू नये. छायाप्रती द्याव्यात, आणि मूळ कागद न्यायालयात दाखल करायचे असतील त्याच दिवशी पोच घेऊन सोपवावेत.