एलएमएमएस पहिल्यांदाच उघडताय? पावसाच्या 48 सेकंदांना संगीत द्या

मोबाइलवर काढलेला वळवाच्या पावसाचा व्हिडिओ आहे आणि त्याला स्वतःचं संगीत द्यायचंय. एलएमएमएस हे संगीत रचायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. उघडल्यावर मात्र इतक्या खिडक्या अंगावर येतात की बंद करावंसं वाटतं. साँग एडिटर (इथे सगळं गाणं मांडायचं) आणि पियानो रोल (इथे एकेक सूर बसवायचा) या दोनच ठेवा, बाकीच्या खुशाल मिटा.

त्याआधी कागद घ्या. एलएमएमएसमध्ये व्हिडिओ दिसत नाही, म्हणून वेळा लिहूनच काढाव्या लागतात. समजा 0 ला रिकामं अंगण, 24 व्या सेकंदाला पहिले थेंब, 36 ला धो धो, 48 ला शेवट.

आता वरचा टेम्पो 140 असेल, तो 80 करा. मिनिटाला 80 मात्रा म्हणजे चार मात्रांचा एक बार बरोबर 3 सेकंदांचा. 48 सेकंदांचे 16 बार झाले. थेंब नवव्या बारच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, धो धो तेराव्याच्या. हा हिशेब जमला की अर्धी लढाई जिंकलीच.

सुरांसाठी माझी युक्ती फक्त काळ्या पट्ट्यांची. पेटीवर काळी चारला सा धरून काळ्याच वाजवल्या तर सा रे म प आणि कोमल नि, म्हणजे मेघ रागाचे स्वर मिळतात. (मधमाद सारंगाचेही हेच, जाणकारांनी चालीवरून भांडावं.) साँग एडिटरमधल्या ट्रिपलऑसिलेटर या वाद्याच्या नावावर क्लिक करा आणि संगणकाच्या कीबोर्डवर ओळीने एच, जे, 2, 3, 5, 6 दाबा. सा ते तार सा! बेसूर व्हायला जागाच नाही. काळी पाचला सा धरलात तर मालकंस राग मिळेल, पण तो रात्रीच्या दृश्यासाठी राखून ठेवा.

त्याच ट्रॅकच्या, म्हणजे त्या नावासमोरच्या, रिकाम्या जागेवर क्लिक करून चौकोन उमटवा, त्यावर डबल-क्लिक करा की पियानो रोल उघडतो. पहिले आठ बार नुसते लांबलचक सा आणि प, खालच्या सप्तकात. दुसरं काही नको. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी पहिल्या सेकंदापासूनच ढोलकी घातली होती. पाऊस आला तेव्हा वाढवायला काही उरलंच नव्हतं. नवव्या बारपासून तुटक, आखूड सूर, थेंबांसारखे: म, मग बराच वेळ काही नाही, मग रे. सगळे मात्रेवर बसवू नका, थेंब काही ताल धरून पडत नाहीत. तेराव्याला आवाज वाढवा, सूर दाट करा. ठेका हवाच असेल तर तो इथे.

मूळ आवाज कर्कश वाटला तर डावीकडच्या प्रीसेटमधून, म्हणजे तयार आवाजांमधून, मऊसा निवडा, पण दहा मिनिटांत. प्रीसेट ऐकत रात्र जाते.

शेवटी फाईल मेनूतून वेव्ह स्वरूपात एक्सपोर्ट करा. फाईल 48 पेक्षा थोडी लांब निघाली, तर ती शेवटच्या सुराची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, असते. व्हिडिओ जोडताना तिथे आवाज हळूहळू उतरवा.